कुठल्या शाळेची तू?

सेंट लुइसच्या दक्षिण भागात नवी ओळख झाली की लोक नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, शाळा कोणती? कॉलेज नव्हे, शाळा. हायस्कूल. त्या एका उत्तरावरून तुमचं चर्च, तुमच्या बापाची ऐपत, आईच्या हाताची चव आणि तुम्ही खरं तर कुणाशी लग्न करायला हवं होतं, हे सगळं समोरच्याला कळतं. आमच्याकडे माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पाद्रीबाबांना दिलेला शब्द विसरेल, पण शाळा विसरणार नाही. सकाळी काय खाल्लं ते ज्यांना सांगता येत नाही, अशी म्हातारी माणसंसुद्धा हे उत्तर चुकत नाहीत. म्हणून तर त्या शुक्रवारी बर्नी श्लाटरने जे उत्तर दिलं, त्यावर चर्चच्या तळघरातली सगळी पंगत खो खो हसली. हसू आलं नाही ते फक्त दोघींना, आणि त्यातली एक बर्नी स्वतः.

बर्नी म्हणजे बर्नडेट. वय सेहेचाळीस, उंची दारातून जाताना मान वाकवावी अशी, खांदे सुताराचे आणि नाक दोनदा मोडून बसवलेलं. वाल्बर्गा नावाच्या मुलींच्या कॅथलिक शाळेत ती शिकली आणि आता तिथेच पी.टी. शिकवते, मुलींचा सॉकरचा संघ बांधते. व्यायामशाळेच्या दारावर तिचा फोटो आहे. पाय जमिनीपासून हातभर वर, डोळे मिटलेले आणि बॉल कपाळाला चिकटलेला. राज्याच्या अंतिम सामन्यात तिने क्लेमेन्सिया शाळेला बुडवलं तो क्षण. क्लेमेन्सिया म्हणजे वाल्बर्गाची सात पिढ्यांची वैरीण. नव्या मुली परीक्षेच्या आधी त्या फोटोतल्या कपाळाला हात लावून जातात, आणि बर्नी त्यांना शिट्टी वाजवून हाकलते.

हे कपाळ घडवलं तिच्या बापाने. गस श्लाटर जन्मभर बिअरच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या पट्ट्यावर उभा होता आणि रविवारी चर्चच्या संघात गोलकीपर. मुलगा होईल म्हणून त्याने छोटे बूट आधीच आणून ठेवले होते. मुलगी झाली. गसने बूट परत केले नाहीत, आणि हे त्याचं मोठेपण मानायला हवं, कारण त्या काळात आमच्या गल्लीत मुलींना फार तर टाळ्या वाजवायला मैदानावर नेत. घराच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, तुळईला त्याने हुक ठोकला आणि बटाट्याच्या जाळीत बॉल घालून दोरीने टांगला. बर्नीच्या कपाळापेक्षा चार बोटं वर. ती वाढली की दोरी वर जायची.

"डोकं वापर, बर्नी! डोकं!"

एवढंच त्याचं शिक्षण. त्याचं गणित साधं होतं. पाय सगळ्यांनाच असतात. बाहेरच्या वस्तीतल्या पैसेवाल्यांच्या मुली हिरवळीवर पायांचा सराव करतात, त्यांना शिकवायला माणसं ठेवलेली असतात. आपल्याकडे तळघर आहे, तर आपण तळघरात होईल तेवढं करावं. "डोकं वापर" ह्याचा अर्थ अक्कल वापर असाही होतो, हे बर्नीला पुष्कळ उशिरा, शाळेत नन्सच्या तोंडून ऐकल्यावर कळलं. तोवर तिला वाटायचं की ते फक्त बॉलबद्दल म्हणतात. आई वरून ओरडायची, "गस, पोरगी आहे ती, दाराची कडी नाही!" पण ते ऐकून घेणारं खाली कुणी नव्हतं.

डोक्याने बर्नीला कुठल्या कुठे नेलं, हे मात्र नाकारता येत नाही. कोपऱ्यावरून बॉल उंच आला की सगळं मैदान बर्नीकडे बघायचं. त्याच जोरावर तिला फुकट कॉलेज मिळालं, बाटल्या भरणाऱ्याच्या घरात पहिलंच. त्याच जोरावर देशाच्या संघाच्या सराव शिबिराला दोनदा बोलावणं आलं, आणि दोन्ही वेळा शेवटच्या निवडीत नाव गळलं. गसने दोन्ही वेळा निवडणाऱ्यांच्या आयाबहिणींचा उद्धार केला आणि मग तिला आइस्क्रीम खायला नेलं. पुढे बायकांची पगारी लीग सुरू झाली तेव्हा दूरच्या शहरातल्या एका संघाने बर्नीला घेतलं. बायकांना खेळायचे पैसे मिळतात, ह्या गोष्टीवर कारखान्यातल्या गसच्या मित्रांचा विश्वास बसायला दोन हंगाम लागले. त्यांचा विश्वास बसला आणि तिसऱ्या हंगामानंतर लीग बुडाली.

तो दिवस बर्नीला लख्ख आठवतो. सराव चालू होता. कोट घातलेला एक माणूस गवतावरून आपले चकचकीत बूट सांभाळत आला आणि म्हणाला, लीग बंद. एवढंच. खोल्या रिकाम्या करायच्या आहेत म्हणाला. एका मुलीचा एकच बूट घातलेला होता, ती तशीच उभी राहिली, दुसरा घालू की पहिला काढू हे तिला कळेना. बर्नीला रडू आलं नाही, राग आला नाही, कानात नुसतं दडा बसल्यासारखं झालं. संघाची गोलकीपर यवेट ड्यूबोज आपल्या हातमोज्यांकडे बघत म्हणाली, "चला, ओव्हनमधून केक काढायला बरे आहेत." मग सगळ्या एकदम हसल्या आणि मग सगळ्या एकदम रडल्या. काही वर्षांनी दुसरी लीग निघाली, बर्नी तीतही गेली, तीही बुडाली. दुसऱ्यांदा तिला धक्का बसला नाही असं ती सांगते. ते खोटं आहे.

यवेट इथलीच, शहराच्या उत्तर भागातली, काळ्या वस्तीतली, सरकारी शाळेतली. दक्षिणेत तिला शाळा विचारली की ती शाळेचं नाव असं ठणकावून सांगायची की विचारणारा पुढचा प्रश्न गिळायचा. परक्या शहरात एका गावच्या दोघी भेटल्या की बहिणी होतात. आणि संघाचा दुखणीखुपणी बघणारा माणूस, रे बाउमन, तोही आमच्याच गावचा निघाला, त्यामुळे त्या तिघांचं एक छोटं सेंट लुइसच तिथे जमलं होतं.

त्या काळी डोक्याला मार लागला की खेळाडू म्हणत, घंटा वाजली. कुणाचं कोपर लागायचं, कुणाचं कपाळ, कधी नुसता जोरात आलेला बॉल. बर्नीची घंटा इतरांपेक्षा जास्त वाजायची, कारण ती इतरांपेक्षा जास्त उडायची. रे धावत मैदानात यायचा, तिच्या डोळ्यांसमोर बोट फिरवायचा आणि विचारायचा, गोल किती झाले? कोणतं शहर? ते नाही आलं तरी त्याचा एक शेवटचा प्रश्न असायचा.

"शाळा कोणती?"

"वाल्बर्गा."

"मग काही झालेलं नाही. खेळ."

अख्खी लीग ह्यावर हसायची. सेंट लुइसच्या माणसाला तपासायचं तर असंच तपासावं, बाकी सगळं गेलं तरी हे जात नाही. एकदा तर बर्नीने असाच मार खाऊन, मग तसंच खेळून, सामना जिंकून देणारा हेडर मारला. पेपरात फोटो आला, गसने तो चौकट करून न्हाव्याच्या दुकानात लावला. तो गोल बर्नीला आठवत नाही. कधीच आठवला नाही. पुढे लोक हौसेने विचारायचे तेव्हा ती यवेटने सांगितलेलं सांगायची, आणि सांगून सांगून ते तिलाच खरं वाटायला लागलं.

ती परत गावी आली, वाल्बर्गात नोकरीला लागली, लग्न केलं, टेसा झाली, नवरा गेला. गेला म्हणजे देवाघरी नव्हे, डेन्व्हरला. यवेटही परतली होती. तिचं केसांचं दुकान होतं आणि दर वर्षी ईस्टरआधीच्या उपासात, शुक्रवारी मटण वर्ज्य आणि मासा चालतो म्हणून, ती बर्नीबरोबर सेंट ओडिलिया चर्चच्या तळघरात मासे खायला यायची. तू तर बाप्टिस्ट, तुला कसला उपास, असं कुणी विचारलं की म्हणायची, "मासा कुठे बाप्टिस्ट आहे?"

तर तो शुक्रवार. कढया मागच्या बाजूला, तिथे गस आणि त्याच्या वयाची टोळी एप्रन बांधून कॉड मासे तळत होती. पुढे लांब टेबलं, कागदी ताटल्या, कोबीची कोशिंबीर, चीज घातलेली मॅकरोनी, बिअरचे जग. बर्नीच्या समोर होल्शरांची नवी सून येऊन बसली. गोड पोरगी होती, अजून घाबरलेली, ओळख करून घ्यायची तर रीतीप्रमाणे करावी म्हणून तिने रीतीचा प्रश्न विचारला.

"तुम्ही कुठल्या शाळेच्या?"

"क्लेमेन्सिया," बर्नी म्हणाली आणि लिंबू पिळलं.

मग म्हातारे होल्शर तोंडातली बिअर सांभाळत टेबलावर थापा मारायला लागले. "क्लेमेन्सिया म्हणतेय! अरे ऐकलंत का, बर्नी श्लाटर क्लेमेन्सियाची!" ते पुढच्या टेबलावर गेलं, तिथून त्याच्या पुढच्या, तिथून कढईपर्यंत. मागून गसचं गडगडाटी हसू आलं. "माझं नाव घालवलं रे कार्टीने!" नव्या सुनेला काय झालं ते कळेना, तीही हसली.

बर्नीने कसलीच गंमत केली नव्हती. प्रश्न आला, उत्तर आलं, आणि ते तिला बरोबर वाटलं होतं. सगळे का हसताहेत ते तिला कळेना. मग कळलं, की उत्तर चुकलं. तिने बरोबर उत्तर शोधलं. आणि तिथे काही नव्हतं. रोज सकाळी जिथे ती गाडी लावते ती जागा तिला दिसत होती, लाल विटा दिसत होत्या, दारावरचा फोटो दिसत होता. नाव नव्हतं. हातातल्या लिंबाचा तिने पिळून पिळून चोथा केला, आणि ओठ हसायच्या बेतात ठेवले, कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

यवेट हसत नव्हती. तिने काटा खाली ठेवला. "बर्नी, जरा गाडीपाशी चल. माझा दिवा चालू राहिलाय."

बाहेर अजून उजेड होता. गाडीचा दिवा चालू नव्हता. यवेटने तिचे दोन्ही खांदे धरले आणि रे बाउमन विचारायचा त्याच सुरात विचारलं, "शाळा कोणती?"

"वाल्बर्गा." आता आलं. मोकळ्या हवेत आलं.

"मग आत काय म्हणालीस?"

"जोक केला."

"तुला जोक करता येत असते तर नवरा डेन्व्हरला गेला नसता. खरं सांग."

बर्नी गाडीच्या बोनेटला टेकली. खरं सांगायचं तर सांगण्यासारखं बरंच होतं. शिट्टी तोंडात धरून ती व्यायामशाळेच्या मधोमध उभी राहिली होती आणि मुली वाट बघत होत्या. सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या घरापाशी जाऊन ती कुलपात किल्ली फिरवत बसली होती. टेसाला एकच गोष्ट जेवताना दोनदा सांगितली होती आणि टेसा काही न बोलता दोनदा हसली होती. प्रत्येक वेळी बर्नीने स्वतःला समजावलं होतं, दमलेय, वय झालं, कामं फार. "पण हे नाही गं जात," ती म्हणाली. "हे कुणाचंच जात नाही."

यवेट तिच्याशेजारी बोनेटला टेकली. मग म्हणाली, "रे तुला गोल विचारायचा ना, तेव्हा मी त्याच्या पाठीमागून बोटं दाखवायचे. दोन-एक. तीन-दोन. तू माझ्याकडे बघून सांगायचीस."

"माहितेय मला."

"शाळा मात्र मी कधीच सांगितली नाही. ते तुझं तुलाच यायचं. म्हणून मला वाटायचं, हिला काही झालेलं नाही." आणि यवेट, जिने एवढ्या वर्षांत समोरून धावत येणाऱ्या कुणालाही घाबरून डोळे मिटले नव्हते, तिने डोळे मिटले.

मग डॉक्टर. मेंदूची डॉक्टरीण तरुण होती, शांत होती, तिने चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, महिने उलटे म्हणायला लावले. बर्नीने ते बरेचसे बरोबर म्हटले.

"डोक्याने बॉल साधारण किती वेळा मारला असेल?"

"बाई, तुम्ही जन्मल्यापासून किती घास खाल्लेत?"

डॉक्टरीण हसली आणि तिने काहीतरी टिपलं. मग यवेटने शुक्रवारची गोष्ट सांगितली. डॉक्टरीण म्हणाली, नावं चुकतात माणसांची, त्या एका गोष्टीवरून फार घाबरू नका.

"डॉक्टर, तुम्ही मूळच्या कुठल्या?" यवेटने विचारलं.

"ओरेगॉनच्या."

"तरीच," यवेट म्हणाली.

पण तपासण्या झाल्या तेव्हा ओरेगॉनच्या बाईंचाही चेहरा बदलला. स्मृती वयाच्या मानाने उतरलेली आहे. दर सहा महिन्यांनी बघू. आता ह्यापुढे डोक्याला एकही धक्का नको. आणि ज्या आजाराची शंका आहे, तो आहे की नाही हे खात्रीने सांगायची सोय अजून नाही. ते मेंदू उघडून बघावा लागतो, माणूस गेल्यावर.

दोघी गाडीत येऊन बसल्या. बर्नीने किल्ली लावली नाही. यवेट म्हणाली, "म्हणजे पक्कं कळायला आधी मरावं लागणार. अशा दुकानात कुणी उधारीवर तरी जातं का?" बर्नी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता एकदम थांबली. तिला स्वतःची आठवण नव्हती झाली, हुकाची झाली.

टेसाला अकरा वर्षं पूर्ण होत होती. आता नियम आहेत. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायचा नाही, मैदानात नाही, सरावात नाही. गसला हा नियम म्हणजे देश बुडाल्याची खूण वाटे. "पोरांना बॉल नको, उशी द्या!" पण अकरा पूर्ण झाली की बंदी उठते, आणि गस त्या दिवसाची वाट लग्नाच्या तारखेसारखी बघत होता. बायको गेल्यापासून त्या म्हाताऱ्याच्या आयुष्यात दोनच गोष्टी उरल्या होत्या. न्हाव्याच्या दुकानातला तो फोटो आणि टेसाचं कपाळ. परवाच त्याचा फोन आला होता. हुकाला तेल घातलं, जुनी दोरी काढून नवी लावली, बॉलही आणलाय, टेसाला सांगू नकोस. टेसाला अर्थात माहीत होतं. ती आरशासमोर उभी राहून कपाळ पुढे काढून बघायची.

नाही म्हणणं सोपं होतं. पण का नाही, ते सांगितल्याशिवाय टेसा ऐकणार नव्हती. "तू मारलेस, मग मी का नको?" ह्या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं, आणि ते उत्तर सांगितलं की न्हाव्याच्या भिंतीवरचा फोटो म्हणजे काय होता हे गसला कळणार होतं. लेकीचं डोकं वाचवायचं की बापाचं काळीज, अशी ती गाठ होती. बर्नीने हजार लोकांसमोर पेनल्टी मारल्या होत्या. त्या आठवड्यात तिला बापाला फोन करायची हिंमत झाली नाही. शाळेच्या संघाचा हेडरचा सराव तिने गुपचूप बंद केला आणि मुलींना सांगितलं, पावसाने मैदान खराब झालंय. पाऊस पडला नव्हता.

वाढदिवस गसच्या घरी होता. अंगणात डुकराच्या मांसाचे जाड काप निखाऱ्यावर भाजले, सारण भरून तळलेल्या रॅव्हिओलीचं ताट क्षणात संपलं, लोण्याच्या चिकट केकवर अकरा मेणबत्त्या टेसाने एका फुंकरीत विझवल्या. नवे बूट घालून ती अंगणात उड्या मारत होती. यवेट बर्नीकडे बघत होती आणि बर्नी कुणाकडेच बघत नव्हती. मग गसने हात पुसले, कपाळावरची टोपी मागे सरकवली आणि घोषणा केली, "चला! तळघरात!"

"पपा, आधी मी आणि तू," बर्नी म्हणाली. "दोघंच."

"का? काही गुप्त खलबत आहे का?"

"हो."

खाली तोच वास होता, साबणाचा आणि ओलसर भिंतीचा. यंत्र नवं होतं, तुळई तीच. जाळीतला पांढरा बॉल संथ हलत होता. गसने दोरीची उंची हाताने मापली आणि खूश होऊन बोटांनी बॉल जरा फिरवला.

"पपा, मी कुठल्या शाळेची?"

"क्लेमेन्सियाची!" तो पोट धरून हसला. "अगं, अजून चालू आहे तो जोक. न्हावीसुद्धा मला काल म्हणाला..."

"तो जोक नव्हता."

"म्हणजे?"

"मला आठवलं नाही. त्या पोरीने विचारलं आणि मी क्लेमेन्सिया म्हणाले, कारण मला ते खरंच वाटलं. मग बरोबर कोणतं ते आठवायला गेले, तर ते नव्हतंच."

"विसरतो गं माणूस. मी चष्मा कपाळावर लावून घरभर शोधतो."

"तू चष्मा विसरतोस, पपा. मी वाल्बर्गा विसरले."

डॉक्टरांची चित्रं, आकडे, आजाराची शंका, ह्यातलं काहीही तिने काढलं असतं तर गसने भांडण केलं असतं. डॉक्टरांना काय कळतं म्हणाला असता, आमच्या वेळी म्हणाला असता. पण तो सेंट लुइसचा माणूस होता. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारखान्यात त्याच्या शेजारच्या माणसाचा हात यंत्रात गेला होता, तेव्हा घरी आल्यावर गस असा दिसला होता असं आई सांगायची.

"वाल्बर्गा?" तो म्हणाला. जणू कुणी वारल्याचं ऐकलं.

"हो."

"कशामुळे?"

बर्नीने बॉलकडे बघितलं नाही, एवढी काळजी घेतली. पण तळघरात दुसरं होतं काय? गसची नजर आपोआप तिकडे गेली आणि तिथेच खिळली.

मग त्याने केलं ते बर्नीच्या स्वप्नातही आलं नसतं. त्याने टोपी काढली. चष्मा काढून यंत्रावर ठेवला. बॉल हाताने मागे ओढला, पार भिंतीपर्यंत, आणि सोडला, आणि कपाळ पुढे केलं.

"पपा!"

आवाज झाला तो तिला पोटात ऐकू आला. गस दोन पावलं मागे गेला, पायरीवर आपटून बसला. कपाळावर लाल गोल उठला. डोळे पाण्याने भरले होते आणि तो कुठे बसला आहे हे त्याला क्षणभर कळत नव्हतं. बर्नीने गुडघे टेकून त्याचा चेहरा धरला. "वेडा आहेस का तू? ह्या वयात?"

"एवढं लागतं?" तो म्हणाला.

"हो."

"एवढं लागायचं तुला? इथे? सात वर्षांची होतीस तू!"

"पहिल्या वर्षी लागायचं. मग लागेनासं झालं."

हे तिने त्याचं समाधान व्हावं म्हणून सांगितलं होतं. ते ऐकून म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बोलली का नाहीस मला?" हातांच्या आडून त्याने विचारलं. तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "तू वाजवायचास ना टाळ्या."

वरून दार उघडलं. "ओपा! येऊ का?" आणि आजोबांच्या उत्तराची वाट न बघता टेसा नव्या बुटांचा खडखडाट करत चार पायऱ्या उतरलीसुद्धा. मागे दारात यवेट उभी होती, थांबवायला आलेली आणि उशीर झालेली.

गस उठला. बॉल अजून हलत होता, त्याच्या आणि टेसाच्या मधून येत-जात होता. त्याने तो झडप घालून पकडला, दोन्ही हातांनी, जुन्या सवयीने, आणि छातीशी घट्ट धरला. दोरी ताणली गेली.

"ओपा, तुझं कपाळ लाल झालंय," टेसा म्हणाली. "तू माझ्याआधीच खेळलास? लबाडी! आता मी."

"नाही."

"पण मला अकरा पूर्ण झाली!"

"नाही, पोरी."

टेसाने आईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. भांडावं की रडावं हे तिला ठरवता येईना. "मग उंच बॉल आला की मी काय करायचं?"

"डो..." गसच्या तोंडून निघालं, आणि त्याने ओठ इतके गच्च मिटले की ते पांढरे पडले. बॉल तसाच छातीशी धरून तो बर्नीकडे बघत राहिला.

"तूच सांग तिला," तो म्हणाला. "मला काय माहीत? मी गोलकीपर होतो."